झाडाला बांधलेला लेथ

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की माळ्यावरून काय काय खाली येते, ते वाचकांना मी निराळे सांगायला नको. यंदा आमच्या माळ्यावरून जुन्या पाळण्याचे कातीव दांडे खाली आले, आजीचा कुंकवाचा लाखेचा करंडा आला, आणि आर गेलेला एक भोवरा आला. भोवरा माझाच. तो मी कोणाकडून जिंकला होता हे मला आठवते, आणि ज्याच्याकडून जिंकला तो आता मोठा अधिकारी आहे, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही.

पाळणा, करंडा आणि भोवरा. एक बाळंतिणीच्या खोलीतला, एक देवघराच्या कोनाड्यातला, एक रस्त्यावरच्या धुळीतला. पण तिघांचा जन्म एकाच यंत्रावर झालेला. लाकूड दोन टोकांमध्ये पकडायचे, गरगर फिरवायचे आणि त्याला हत्याराची धार लावायची. या यंत्राला आपले जुने लोक चरक म्हणत, आता कारखान्यातला शब्द घरात आला आहे, त्याला लेथ म्हणतात. स्वयंपाकघरातले लाटणे, ताक घुसळायची रवी, पलंगाचे पाय, बुद्धिबळाची प्यादी ही सारी त्याच कुळातली. आपल्या भाषेची गंमत पाहा, सूत काढणे तेही कातणे, आणि लाकडाला गोलाई देणे तेही कातणेच. ज्याने हा शब्द दोन्हीकडे वापरला त्याने फिरण्याकडे पाहिले असावे, मालाकडे नव्हे.

मला हा विषय सुचला तो माळ्यामुळे नव्हे, शाळेमुळे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हस्तव्यवसायाच्या वर्गासाठी तीस हजार रुपये जमवून दिले आणि त्यात लाकडाचा लेथ घ्यावा अशी इच्छा कळवली. मी इतिहास आणि मराठी शिकवतो. लेथशी माझा संबंध भोवऱ्यापुरता. पण आमच्या समितीतल्या एका गृहस्थांनी असे अनुमान काढले की जो कादंबऱ्या लिहितो तो पुस्तके वाचीत असणार, आणि जो पुस्तके वाचतो त्याला लेथची निवड करता येणार. तीस हजार रुपये माझ्या गळ्यात पडले.

पहिल्या आठवड्यात मी दुकाने पाहिली. तीस हजारांत लेथ मिळतो. निळा रंग दिलेला, चकचकीत, टेबलावर बसणारा. त्याच्या वरही मिळतो, साठ हजारांचा, लाखाचा, आणि प्रत्येक दुकानदार त्याच्या खालचा घेऊ नका म्हणून कळवळून सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या गावातल्या एका वृद्ध कातार्‍याकडे गेलो. त्यांनी धंदा सोडून वर्षे झाली, पण हात पाहिले की धंदा कळतो. मी माझी अडचण सांगितली. त्यांनी किंमत विचारली नाही. म्हणाले, "गुरुजी, दोनच गोष्टी सांगा. कातणार काय? आणि फिरवणार कोण?"

दुसऱ्या प्रश्नाला मी हसलो. म्हटले, "बाबा, वीज फिरवील."

"आता फिरवील," ते म्हणाले. "आमच्याकडे आई फिरवायची."

त्यांच्या वडिलांचा चरक म्हणजे जमिनीत पुरलेले दोन ठोकळे, दोन लोखंडी टोके आणि चामड्याची एक वादी. वादीचा वेढा लाकडाला द्यायचा, समोर बसलेल्या माणसाने दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. कातारी जमिनीवर बसून हाताने पटाशी धरतो आणि पायाच्या बोटांनी ती आवरतो. "वडलांना चरकासाठी पैसा लागला तो दोन टोकांचा," म्हातारबाबा म्हणाले. "बाकी सगळं घरचं. आईचे खांदे रात्री शेकायला लागायचे."

घरी आलो आणि पुस्तके काढली. पाहतो तो जगातल्या लेथचा सारा इतिहास म्हातारबाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास आहे. फिरवणार कोण?

लेथचे सर्वांत जुने चित्र म्हणून जे दाखवतात ते इजिप्तमधले. तूना एल्-जेबेल येथे पेतोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याची समाधी आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर कारागिरांची कोरीव चित्रे आहेत आणि त्यांत दोन माणसे एका लेथवर काम करताना दिसतात. एकाच्या हातात वादी, दुसऱ्याच्या हातात हत्यार. म्हणजे म्हातारबाबांचे आईवडीलच की! मधली तेवीसशे वर्षे कुठे गेली असे वाटावे. यंत्र स्वस्त, कारण त्याला अर्धा माणूस जोडलेला, आणि त्या अर्ध्या माणसाची मजुरी कोणी लिहून ठेवलेली नाही. बहुधा ते माणूस घरचेच असे.

हा दुसरा माणूस वाचवण्याची युक्ती ज्याला सुचली त्याचे नाव कोणाला माहीत नाही. युक्ती मात्र मोठी सुंदर आहे. एक लवचिक, लांब काठी घ्या. तिचे जाड टोक पक्के बांधा, शेंडा लेथच्या वर येऊ द्या. शेंड्याला दोरी बांधा, दोरीचा वेढा लाकडाला द्या आणि खालचे टोक पायाखालच्या फळीला अडकवा. पाय दाबला की दोरी खाली येते, लाकूड तुमच्या दिशेने फिरते, काठी वाकते. पाय उचलला की काठी सरळ होते आणि दोरी वर ओढून घेते. पाय दाबताना पटाशी लावायची, पाय उचलताना किंचित मागे घ्यायची. म्हणजे अर्धा वेळ लाकूड उलटे फिरते आणि काही काम होत नाही. पण दोन्ही हात मोकळे राहिले आणि माणूस एकटा काम करू लागला! समोर बसून वादी ओढणाऱ्याची जागा झाडाच्या एका फांदीने घेतली. तिला मजुरी नको, जेवण नको, आणि रात्री तिचे खांदे शेकावे लागत नाहीत.

युरोपात तेराव्या शतकापासून या काठीच्या लेथची चित्रे सापडतात. त्याच्याही आधीचा पुरावा जमिनीत आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. ते नाव तांब्यावरून आलेले नाही, जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ पेले करणाऱ्यांची गल्ली असा होतो. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले तेव्हा वाडगे कातून उरलेले लाकडी गाभे खरोखरच सापडले. हजार वर्षे गल्लीने नाव सांभाळले होते, मालाचा पुरावा पायाखाली होता. आपल्याकडेही सावंतवाडीत चितारआळी आहे, तिथे लाखकामाची खेळणी आणि रंगीत लाकडी फळे आजही विकायला मांडलेली दिसतात. माझ्या आजीचा करंडा तिथलाच असावा असे घरात सगळे म्हणतात. आजीला विचारायचे राहून गेले.

पण काठीच्या लेथची खरी कहाणी लंडनच्या वायव्येस, चिल्टर्न टेकड्यांवरच्या बीच झाडांच्या रानात घडली. तिथे हाय विकम नावाचे गाव आहे, तिथल्या लाकडी खुर्च्या साऱ्या इंग्लंडमध्ये जात. १८७५ च्या सुमारास या एका भागातून दिवसाला ४,७०० खुर्च्या बाहेर पडत असे सांगतात. १८७७ साली राणी व्हिक्टोरिया डिझरायलीच्या घरी जाताना तिथून गेली तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावर फुलापानांची कमान न उभारता खुर्च्यांचीच कमान उभारली! गावाचा स्वभाव एवढ्यावरून कळावा.

या खुर्च्या गावात जुळवल्या जात, पण त्यांचे पाय गावात होत नसत. ते रानात होत. तिथे पाय कातणारे जे लोक होते त्यांना पुढे 'बॉजर' हे नाव पडले. ते स्वतःला नुसते कातारी म्हणवीत. हा मनुष्य जमीनदाराच्या रानातली उभी झाडे लिलावात विकत घेई. झाड पाडायचे, त्याचे ओंडके करायचे, पाचर आणि मोगरीने ते उभे फोडायचे, कुऱ्हाडीने ओबडधोबड आकार द्यायचा, मग घोड्यासारख्या एका बाकावर बसून दोन मुठींच्या सुऱ्याने तासायचे आणि शेवटी लेथवर घ्यायचे. हे सारे एका छपराखाली. छपरावर आणि भिंतींना लाकडाच्या छिलक्यांचेच शाकारण. लेथ म्हणजे दोन फळ्यांचा पाया, त्यावर दोन ठोकळे, आणि डोक्यावर बाहेरून आत आलेली काठी. बाजारातून आणलेले काय, तर हत्यारांचे पोलाद, थोडे लोखंड आणि दोरी. झाडे संपली की छप्पर मोडायचे आणि पुढच्या रानात उभे करायचे.

आता वाचक म्हणतील, हे जुन्या काळचे. वाफेचे यंत्र आल्यावर काठी कोण वाकवीत बसेल? मलाही तसेच वाटले होते. पण विकमच्या कारखान्यांत वाफेचे लेथ आले, ते एकाच दिशेने, न थांबता फिरत होते, आणि तरीही रानातला काठीचा लेथ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. हा हट्ट नव्हता, हिशेब होता. ओल्या बीचच्या ओंडक्यात पाण्याचाच भार मोठा, आणि ओंडक्याचा पाय होईपर्यंत त्यातला बराच भाग छिलक्यांत आणि ढलप्यांत जातो. सगळा ओंडका गाडीत घालून गावात न्यायचा म्हणजे पाणी आणि कचरा वाहून नेण्याचे भाडे द्यायचे. बॉजर रानातच बसे. ओले लाकूड लोण्यासारखे कातले जाते, म्हणून पायाच्या जोरावर भागे. कातलेले पाय वाऱ्यावर रचून वाळवायचे आणि हलके झाले की ग्रोसच्या हिशेबाने कारखान्याला पाठवायचे. कारखान्यातला लेथ पुष्कळ वेगाने फिरे, पण त्याला रानात नेता येत नव्हते, त्याला जागेचे भाडे होते, कोळसा होता. बॉजरच्या लेथचा अर्धा वेळ फुकट जाई हे खरे, पण तो अर्धा वेळ स्वस्त होता.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. अलीकडे या बॉजर लोकांविषयी फार गोड लिहिले जाते. रानात पाखरे गात आहेत, म्हातारा कारागीर पाय हलवतो आहे, इत्यादी. स्वस्त कशामुळे हे सोडून दिले की सारे गोडच दिसते. त्याचा माल घेणारे कारखानदार भाव ठरवीत आणि तो ग्रोसवर मोजला जाई. एक ग्रोस म्हणजे बारा डझन, आणि त्याबरोबर पायांना जोडणारे आडवे दांडेही द्यायचे. थंडीच्या दिवसांत उघड्यावरच्या छपरात उभे राहून एकाच पायावर दिवसभर दाब द्यायचा. लेथला पैसा पडला नाही, तो गुडघ्याला पडला. आपल्या म्हातारबाबांची आई आणि विकमचा बॉजर यांची ओळख झाली असती तर दुसऱ्या कशाविषयी नाही तरी शेकण्याच्या उपायांविषयी त्यांना बोलता आले असते.

बॉजर नव्हे, पण त्याचाच भाऊबंद म्हणावा असा जॉर्ज लेली नावाचा एक कातारी बर्कशायरमधल्या बकलबरी येथे होता. बापजाद्यांचा धंदा, माळावरची एक झोपडी, काठीचा लेथ. तो एल्मच्या लाकडाचे वाडगे काती. वाकड्या टोकाची हत्यारे तो स्वतः घडवी आणि एकाच ठोकळ्यातून एकाच्या आत एक बसणारे वाडगे काढी. मोठ्या वाडग्याचा गाभा फेकून द्यायचा नाही, त्यातूनच धाकटा काढायचा. कॉपरगेटच्या कातार्‍यांनी टाकून दिलेले गाभे आठवले की लेलीची काटकसर डोळ्यांत भरते. तो १९५८ साली वारला आणि तिथली ती विद्या त्याच्याबरोबर थांबली. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात ठेवलेला आहे. पुढे कित्येक वर्षांनी नव्या माणसांनी तो लेथ न्याहाळून, मापे घेऊन, ती विद्या पुन्हा उभी केली. हत्यार शिल्लक राहिले म्हणून हात पुन्हा शिकले.

काठीचा एक दोष मात्र मोठा. जड लाकूड तिला झेपत नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा घ्या, पायाच्या दाबाने तो काय फिरणार! त्यासाठी वेगळे, माणसाच्या उंचीचे चाक असे. ते हाताने फिरवायचे आणि त्यावरची दोरी लेथला फिरवायची. म्हणजे वाचवलेला दुसरा माणूस परत आला. लिओनार्दो दा व्हिंचीने १४८० च्या सुमारास पायाने फिरणाऱ्या जड चाकाच्या लेथचे चित्र काढून ठेवले आहे, त्यात चाकाच्या वजनामुळे फिरणे अखंड राहते आणि माणूस एकच लागतो. पण ते चाक, तो दांडा, ती घडण गरीब कातार्‍याच्या आवाक्यात यायला पुढे कैक शतके जायची होती. आपल्या शिवणयंत्राला जो पायटा आणि चाक असते तो याच युक्तीचा नातू.

या मोठ्या चाकाविषयी एका मास्तरनेच लिहून ठेवले आहे. जॉर्ज स्टर्ट हा सरे परगण्यातल्या फार्नहॅम येथे शाळेत शिकवीत होता. बाप वारल्यावर १८८४ साली त्याला शाळा सोडून घरचा गाड्यांची चाके करण्याचा कारखाना चालवावा लागला. त्याला धंदा येत नव्हता, कामगारांना येत होता. १८८९ साली त्याने गॅसवर चालणारे इंजिन आणले, त्यावर करवती, लेथ आणि सहाणेचे चाक जोडले. माणसांनी घाम गाळून फिरवायचे चाक सुटले. १९२३ साली त्याने या कारखान्यावर पुस्तक लिहिले, त्यात त्याने या इंजिनाचा आनंद मानलेला नाही. यंत्र आले, त्याच्यामागे यंत्रापुरतेच जाणणारी माणसे आली, आणि लाकूड ओळखणारी जुनी माणसे नोकर झाली, असा त्याचा सूर आहे. पुस्तक सुरेख आहे. पण मी मास्तरच्या नात्याने एक शंका घेतो. इंजिन नको होते असे वाटायचा हक्क चाक फिरवणाऱ्याचा की मालकाचा? चाक फिरवणाऱ्या माणसाने पुस्तक लिहिलेले नाही.

आता दुसरा पक्ष पाहू. लेथ हे गरिबाचे यंत्र खरे, पण राजेरजवाड्यांनाही त्याचा नाद होता, आणि असा की दुसऱ्या कुठल्या सुतारी हत्याराच्या वाट्याला तो आला नाही. रशियाचा पीटर हा बादशहा स्वतः लेथवर बसे. १७२५ साली तो वारला, त्याच्या हातची हस्तिदंती कामे सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयांत आहेत. त्याच्या पदरी नार्तोव्ह नावाचा यंत्रकार होता, त्याने केलेला एक नक्षीदार लेथ आज पॅरिसला पाहायला मिळतो. लेथवर पहिले स्वतंत्र पुस्तक लिहिले ते एका संन्याशाने. शार्ल प्ल्युमिए त्याचे नाव. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७०१ साली ते छापले गेले. हा साधू मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या देवळांपुढे जो पांढरा चाफा असतो त्याचे शास्त्रीय नाव, प्लुमेरिया, ते याच कातार्‍याचे. उद्या चाफा वेचताना लेथ आठवला तर दोष माझा.

या हौशी मंडळींसाठी लंडनमध्ये हॉल्टझॅपफेल नावाच्या कारागिराने दुकान घातले. त्याचा पहिला लेथ १७९५ साली विकला गेला, पंचवीस पौंडांच्या थोडा वर. त्या काळच्या इंग्रज शेतमजुराची ती जवळजवळ वर्षभराची मजुरी होती. आणि हा तर आरंभ होता! पुढच्या लेथना इतके सांधे, इतकी चाके आणि इतके जोडभाग लावले की लाकूड नुसते गोल न होता त्यावर फुलांच्या पाकळ्या, वेली, जाळ्या उमटू लागल्या. प्रत्येक लेथवर अनुक्रमांक कोरलेला असे, आणि १८३५ साली पहिला हॉल्टझॅपफेल वारला तोवर सोळाशेच्या आसपास लेथ गेले होते. त्यांवर काय झाले? हस्तिदंती डब्या, नक्षीदार पेले, अत्तरदाणीची झाकणे. माझा त्यांवर राग नाही, त्या कामात बुद्धी फार आहे. पण रानात चार फळ्यांवर झालेल्या पायांवर निम्मे इंग्लंड बसत होते आणि पंचवीस पौंडांच्या लेथवर झालेली डबी कपाटात बसत होती, एवढे नोंदवून ठेवतो.

आपल्याकडच्या लाखकामाला मात्र या हौशीची गरज पडली नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी वाचकांच्या घरी असतील. तिथे हाले नावाचे मऊ, पांढरे लाकूड वापरतात, आपण त्या झाडाला काळा कुडा म्हणतो. लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचे पान दाबून धरले की तिच्यावर आरशासारखी चकाकी येते. विस्तव लागत नाही, ब्रश लागत नाही. इथे लेथ नुसता कातीत नाही, रंगवतोही. हाताने ओढायच्या लेथपासून विजेच्या लेथपर्यंत सगळे प्रकार त्या गावात नांदले.

एवढे वाचून मी पुन्हा म्हातारबाबांकडे गेलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याजवळ होते. मुले कातणार काय? लाटणी, भोवरे, हत्यारांच्या मुठी, खुर्चीचे पाय, फार तर हाताच्या पंजाएवढा वाडगा. पंखाएवढी परात आम्हाला कातायची नाही. मग पाट्यापासून टोकापर्यंत पाच-सहा इंच उंची पुरे, लांबी मात्र दोन-अडीच फूट हवी. दुकानदार मला नेमके उलटे विकत होता, उंची भरपूर आणि लांबी तोकडी.

"फिरतं लाकूड थरथरलं की पटाशी उडते," म्हातारबाबा म्हणाले. "म्हणून लेथ जड हवा. बिडाचा. रंग पाहू नका, उचलून पाहा. एकट्याला उचलला तर घेऊ नका."

बॉजरने लेथच्या फळ्या जमिनीत पुरलेल्या खांबांवर ठोकल्या होत्या, म्हणजे त्याने लेथला सगळ्या रानाचे वजन दिले होते. आम्हाला ते वजन बिडात विकत घ्यायचे होते. मग म्हातारबाबांनी मला जे शिकवले ते मी वहीत उतरवून घेतले. मधला दांडा हाताने धरून वरखाली हलवायचा, खडखडला तर बेअरिंग गेलेले. दोन्ही टोके एकमेकांजवळ आणायची, ती नेमकी भिडली पाहिजेत, केसभर चुकली तरी तोंड फिरवायचे. वेग कमी करता येतो का ते पाहायचे, कारण मुले वाडगा लावतील तेव्हा ते लाकूड सुरुवातीला गोल नसते आणि वेगात सुटले तर कपाळावर येते. "आणि पैशाचे आधी दोन ढीग करा," ते म्हणाले. "एक लेथचा, एक हत्यारांचा. हत्यारांचा ढीग लहान दिसला तर लेथ महाग झाला असं समजा."

विकमच्या बॉजरनेही आपला पैसा पोलादातच घातला होता. मला हे म्हातारबाबांना सांगावेसे वाटले. सांगितलेही. ते म्हणाले, "मग? तो काय खुळा होता?"

आमच्या तालुक्यात एक फर्निचरचा कारखाना बंद पडला होता. तिथला जुना लेथ, बिडाचा, अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरसह, १६,५०० रुपयांना ठरला. रंग उडालेला, एका बाजूला गंज. चार माणसांनी तो टेम्पोत चढवला. पटाश्यांना आणि गोल पटाश्यांना ६,२००, धार लावायच्या चाकाला ३,१००, नवा पट्टा, पट्ट्यावरची जाळी आणि मुलांच्या डोळ्यांवरचे चष्मे यांना १,९००. उरलेले २,३०० रुपये समितीला परत केले तेव्हा त्या गृहस्थांनी संशयाने पावत्या दोनदा पाहिल्या. निळा लेथ का नाही, असेही विचारले.

खोलीत वीज ओढून घ्यायला मात्र महिना लागला. त्या महिन्यात मुले स्वस्थ बसेनात, म्हणून आम्ही शाळेमागच्या आंब्याखाली दोन ठोकळे पुरले, जुन्या बाकाच्या फळ्या लावल्या आणि वर एक हिरवा बांबू बांधला. म्हातारबाबा खुर्ची टाकून बसले. सातवीतल्या एका मुलीने पहिला पाय दाबला, बांबू वाकला, लाकूड फिरले आणि पटाशीखालून ओल्या लाकडाची एक लांब फीत निघाली. ती कानावर अडकवून ती सगळ्या वर्गाला दाखवून आली. संध्याकाळपर्यंत सव्वा लाटणे झाले होते. सव्वा म्हणजे एक पुरे, आणि दुसऱ्याच्या वेळी बांबू कडाडला.

"आता दुसरा पाय वापरा," म्हातारबाबा मुलांना म्हणाले, "आणि बांबू जरा जून आणा." मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "गुरुजी, ती वादी ओढायची तऱ्हा पण दाखवू का त्यांना? एकदा दाखवतो. ओढायला मी बसतो."